सिरीयल केबलवाल्या दादांना

दादा,

समोर आभार मानायला आलो की तुम्ही विषय बदलता. म्हणून आता सगळ्यांदेखत लिहितोय.

त्या छोट्या कॉम्प्युटर बोर्डाला नेटवर्क नव्हतं, स्क्रीन नव्हती, बोलायला फक्त सिरीयल कन्सोल, म्हणजे केबलवरून एकेक बिट धाडत मजकुराची देवाणघेवाण. माझा प्रोग्राम माझ्या मशीनवर शहाण्यासारखा चालायचा आणि बोर्डावर थोड्या वेळाने कोसळायचा. चार दिवस मी कोडभर प्रिंटएफ, म्हणजे कुठवर पोचलो ते छापणाऱ्या ओळी, पेरत होतो. मग बोर्डावर जीडीबीसर्व्हर (माझ्या मशीनवरच्या जीडीबी या चुका शोधायच्या प्रोग्रामचा तिकडचा जोडीदार) चढवला, इकडून जीडीबीत ‘टार्गेट रिमोट’ ही जोडणीची आज्ञा दिली, तर कधी जोडलं जायचं, कधी पॅकेट, म्हणजे त्या दोघांमधला एकेक निरोप, बिघडल्याची तक्रार. केबल बदलली, बॉड रेट (सेकंदाला किती बिट हा वेग) १,१५,२०० चा ९,६०० केला, परत होता तसा केला. टीएक्स-आरएक्सची, म्हणजे पाठवायच्या आणि घ्यायच्या तारांची, अदलाबदल तर इतक्यांदा केली की मुळात काय कुठे होतं तेच विसरलो.

तुम्ही आलात आणि कीबोर्डला हातही लावला नाहीत. ‘अंदाज पुरे, तारेवरून काय जातंय ते बघ,’ म्हणालात. जीडीबीत ‘सेट डीबग रिमोट १’ ही सगळं येणंजाणं दाखवणारी आज्ञा टाकल्यावर धडाधड ओळी येऊ लागल्या, आणि तुम्ही पाठकोऱ्या कागदावर एक पॅकेट उलगडून दाखवलंत: आधी डॉलर, मग मजकूर, मग हॅश, शेवटी दोन अंकी चेकसम, म्हणजे पडताळणीसाठी मजकुराच्या अक्षरांची बेरीज. रजिस्टरं (प्रोसेसरमधले छोटे कप्पे) मागायची तर मजकूर म्हणजे नुसतं लहान लिपीतलं ‘जी’ हे अक्षर. त्याचा आस्की आकडा (अक्षराचा ठरलेला क्रमांक) हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पायावरच्या मोजणीत, ६७. अक्षर एकच, म्हणून बेरीजही ६७. नीट पोचलं तर समोरून अधिकचं चिन्ह, बिघडलं तर उण्याचं. इतकं साधं असेल असं मला वाटलंच नव्हतं.

आणि त्या ओळींत मधेच ‘लॉगिन’ दिसलं! मी जीडीबीसर्व्हर लावला होता तो पोर्ट कन्सोलचाच. तिथे गेटी (लॉगिन विचारणारा प्रोग्राम) आधीपासून कान लावून बसलेला, त्यामुळे माझ्या पॅकेटमधले काही बाइट तो गिळायचा, काही जीडीबीसर्व्हरला मिळायचे. एका म्यानात दोन तलवारी.

बोर्डाच्या कोपऱ्यातल्या दुसऱ्या यूआर्टच्या (सिरीयल पोर्टच्या) पिना तुम्हीच दाखवल्यात. त्या ३.३ व्होल्टच्या, थेट आरएस-२३२ (जास्त व्होल्टची जुनी सिरीयल जोडणी) लावलं असतं तर चिप गेली असती. मी तेच करणार होतो, हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. जीडीबीसर्व्हर पोर्टचा वेग स्वतः ठरवत नाही, आधी एसटीटीवाय या आज्ञेने ठरवून द्यावा लागतो, हेही तुमच्याकडूनच कळलं.

जोडणी झाली, पण गाडी बैलगाडीच्या चालीने. त्यावरचा तुमचा हिशोब अजून लक्षात आहे: सुरुवात-शेवट सांगणारे स्टार्ट-स्टॉप बिट धरून एका बाइटला १० बिट, म्हणजे सेकंदाला जेमतेम ११,५२० बाइट. प्रोग्राम वापरतो ती दीड मेगाबाइटची लायब्ररी (तयार कोडची फाइल) जीडीबीने बोर्डावरून ओढायची तर दोन मिनिटं कुठेच गेली नाहीत. ‘सेट सिसरूट’ देऊन लायब्ररींची माझ्याच मशीनवरची प्रत दाखवली, सिम्बॉलवाली (कोडमधली नावं असलेली) बायनरी इकडेच ठेवली, बोर्डावर स्ट्रिप केलेली, म्हणजे ती नावं काढून हलकी केलेली, पाठवली. मग कुठे काम मार्गी लागलं.

चूक सापडायला त्यानंतर वीस मिनिटं लागली. १६ घरांचा ॲरे आणि लूपमध्ये ‘पेक्षा कमी’च्या जागी ‘पेक्षा कमी किंवा तेवढंच’, म्हणजे लूप नसलेल्या सतराव्या घरात शिरत होता. तुम्ही हसला नाहीत, याचे वेगळे आभार.

तुमची ३.३ व्होल्टवाली केबल अजून माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे. सोमवारी आणून देतो. तो पाठकोरा कागद मात्र मागू नका.

तुमचा,
प्रिंटएफवाला