जुन्या सायकलींची छर्र्यांची रचना मोडीत काढू नका

महोदय,

पायडल जरा कटकटलं की ‘सीलबंद बीबी टाका’ (बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, पायडलांचा एक्सल फ्रेममध्ये ज्यावर फिरतो ते बेअरिंग) हा सल्ला सर्रास मिळतो. जुन्या सायकलीला तो बहुधा चुकीचा ठरतो. सीलबंद बीबीचा एक्सल बहुधा चौकोनी टोकाचा. म्हणजे जुन्या सायकलीचे कॉटर पिनने, म्हणजे पाचरीसारख्या खिळीने, एक्सलला जोडलेले क्रँकही (पायडलचे दांडे) बदलावे लागतात. नॉटिंगहॅमच्या जुन्या रॅले सायकलीला तर बीबीच्या जागी इंचात २६ आटे, बाजारातल्या बीबीला २४. जबरदस्तीने पिळली की फ्रेम कायमची जाते! त्यापेक्षा छर्रे ज्यात फिरतात ते कप उघडून रॉकेलने धुवा, दोन्हीकडे पाव इंची अकरा-अकरा नवे छर्रे भरपूर ग्रीसमध्ये बसवा. कपात खड्डे दिसले तर कपही बदला. कोकणच्या पावसात रोज चालणारी, आधीच चौकोनी एक्सलची सायकल असेल, तर मात्र सीलबंदच घ्या.

– एक सायकल कारागीर, सांगली