चित्रीकरण करा, पण प्रेक्षकांसकट

मा. संपादक,
स.न.

संगीत नाटकांच्या चित्रीकरणाला नाके मुरडणाऱ्यांना एकच विचारतो: बालगंधर्वांच्या ऐन भरातल्या गाण्याचे आपल्या हाती उरले काय? ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) ग्रामोफोन तबकड्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे! रंगमंचावर तेच पद ‘वन्स मोअर’ घेत कितीतरी वेळ रंगायचे. ते गेले ते गेलेच.

मी ऑर्गन वाजवतो. एका वाहिनीने आमचे ‘सौभद्र’ चित्रित केले ते रिकाम्या नाट्यगृहात, पदे आधीच ध्वनिमुद्रित करून. नटांनी नुसते ओठ हलवायचे. एरवी प्रयोगात तान लांबवायची असली की कृष्ण डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघतो, मी सूर धरून ठेवतो, तबलजी समेवर दबा धरून बसतो. हा सगळा व्यवहारच त्यात गारद झाला. वर सुरुवातीच्या मंगलगीताला, नांदीला कात्री, म्हणे वेळ नाही. (जाहिरातींना होता.)

गुडघे धरलेल्या जुन्या रसिकांसाठी चित्रीकरण जरूर व्हावे. पण चालू प्रयोगात, टाळ्या-खोकल्यांसकट. आणि एक माइक ऑर्गनजवळ ठेवा. भात्याचा आवाज येईल, येऊ द्या.

एक ऑर्गनवादक, सांगली