तलावांच्या मुलखातून

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात लोक महाबळेश्वर गाठतात आणि तुम्ही नवरा-बायको भंडारा-गोंदियाच्या भट्टीत कशाला गेलात, असे तू परवा फोनवर विचारलेस. दोन वाक्यांत सांगून भागणारे ते नव्हते, म्हणून हे पत्र. कापूस विकून झाला होता, खरिपाला अवकाश होता, विहिरीने तळ दाखवला होता, आणि गच्चीवर उकाड्याने झोप येत नसताना सुनीता म्हणाली, "अहो, डोळे भरून पाणी दिसेल अशा ठिकाणी कुठेतरी चला." पहाटे गाडी काढली. डब्यात दशम्या, खिशात कांदा आणि डोक्याला दुपट्टा, एवढीच तयारी.

नागपूरपर्यंतच्या वाटेबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. तर्रीपोहे खाल्ले आणि पुढे निघालो. साकोली मागे टाकून कोहमाऱ्याला महामार्ग सोडला आणि नवेगाव बांधच्या रस्त्याला लागलो, तेव्हा मात्र मुलूखच बदलला. आपल्या यवतमाळात या दिवसांत काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा असतात. इथे पाळीमागे, म्हणजे मातीच्या बांधामागे तलाव, त्याच्या खाली धानाच्या बांध्या, मध्ये एखादी बोडी, म्हणजे छोटे तळे, आणि पुन्हा तलाव. बरेच तलाव आटलेले होते, काहींत बेशरमाचे रान माजले होते; तरी गुरांना उतरायला आणि बायकांना धुण्याला पुरेल एवढे पाणी बहुतेकांत होते.

यांना तिकडे मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, पूर्वी मालगुजारांच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या ताब्यातले. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळ कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले आहेत. जमिनीचा उतार नेमका हेरायचा, मातीची पाळ घालायची आणि वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात उतरेल अशी साखळी जुळवायची, हे काम त्यांनी कोणत्याही पदवीवाचून केले. नवेगावचा मोठा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. भोवतीच्या सात टेकड्यांना सातबहिणी म्हणतात. त्या बहिणींनी बांधाला हात लावला म्हणूनच तो टिकला, अशी तिथली श्रद्धा आहे, आणि कोलू पाटलांनाही लोकांनी कोलासूर देव म्हणून पूजेला लावले आहे. तुला ठाऊकच आहे की मी देवभोळा नाही. परंतु तलाव बांधणाऱ्या माणसाला देव करणारे गाव मला मनापासून पटले.

पाळीवर एक म्हातारे ढीवरबाबा, मासेमारी करणाऱ्या समाजातले, जाळे विणत बसले होते. सुनीता त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसली आणि तिने तासभर त्यांना उठू दिले नाही. जाळ्याचा सैल धागा पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणायचा, डाव्या हाताच्या बोटावर जाळ्याच्या घराचे माप घ्यायचे आणि गाठ मारताना गाठीकडे पाहायचेसुद्धा नाही, अशी त्यांची रीत होती. मरळ मासा कुठे दडतो, शिंगाडा केव्हा लावायचा, तलावात आपोआप उगवणारे देवधान, म्हणजे रानभात, उपासाला कसे चालते, हे सारे त्यांनी सांगितले. मी विचारले, पूर्वीपेक्षा पाणी कमी का टिकते? ते म्हणाले, "गाळ कोण काढंल, बापा?" १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले, लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे आले. मालगुजारी गेली हे योग्यच झाले, तिचे गोडवे गाणारा मी नव्हे. पण दर उन्हाळ्यात पाळीवर माती चढवण्याची जी गावकी होती, तीही तिच्याबरोबर गेली, आणि कागदावर मालक बदलल्याने गाळ काही निघत नाही.

दुसऱ्या दिवशी इटियाडोहला गेलो. गाढवी नदीवरच्या या धरणाच्या पाण्यावर खाली भर मेमध्ये उन्हाळी धानाची कापणी चालली होती. कापूसवाल्या माणसाला ते दृश्य पचवणे जड जाते. जवळच गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, १९७२ पासूनची. हिवाळ्यात शहराशहरांतून स्वेटर विकणारी ही मंडळी उन्हाळ्यात घरी असतात. अंगाची लाही होत असताना तिथल्या रंगीत पताका गरम वाऱ्यावर फडफडत होत्या, आणि एका आजीबाईंनी स्वच्छ मराठीत आमची चौकशी करून वाफाळता थुक्पा, म्हणजे नूडल्सचे तिबेटी सूप, पुढे ठेवला. सुनीताने घाम पुसत तो संपवला. मी अर्धा सोडला.

परतताना गोंदियाच्या बाजूने फिरून आलो, ते सारस पाहण्यासाठी. महाराष्ट्रात हा पक्षी आता प्रामुख्याने याच जिल्ह्यात उरला आहे, कारण त्याला तलावही लागतो आणि पावसाळ्यात घरट्यासाठी धानाची बांधीही. एका तलावाच्या काठच्या चिखलात एक जोडी दिसली. माणसाच्या खांद्याला लागेल एवढी उंची, लाल मान, आणि चाल अशी की जणू सातबारा त्यांच्याच नावावर आहे. सारस जन्मभर जोडी सोडत नाहीत, हे सुनीताला माहीत होते. तिने माझ्याकडे वळून काही बोलण्याआधीच मी गाडी सुरू केली.

तुम्ही दोघे येणार असाल तर दिवाळीनंतर या, म्हणजे तलाव भरलेले असतील आणि नवेगावला बाहेरून आलेली बदकेही दिसतील. पण माझे ऐकशील तर एकदा मेमध्येच ये. भरलेला तलाव कुणालाही आवडतो. पाळ किती रुंद आहे, पाणी कुठून येते आणि कुठे जाते, हे तो निम्मा आटल्यावरच कळते. राहण्याची सोय मात्र आधी करून ठेव, आमच्यासारखे ऐनवेळी दारोदार विचारत फिरू नकोस. वहिनींना सुनीताचा निरोप आहे की तांदूळ आणला आहे, पायलीभर त्यांच्यासाठी काढून ठेवला आहे.

तुझा,
विठ्ठल