विसरत नाही, साहेब, गोळीच बदलते

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो. तिकीट मशीनवर बोटं चालवतच नोकरी संपली, त्यामुळे मोबाइलची मला धास्ती नाही. १८ वर्षं बीपी आणि ११ वर्षं शुगर सांभाळतोय. गोळ्यांची आठवण करून देणारी तीन अ‍ॅप वापरून सोडली. सरकार असं काही काढणार असेल, तर ती का सोडली हे आधी कळलेलं बरं.

पहिलं म्हणजे, आम्ही विसरभोळे आहोत असं ही अ‍ॅप धरूनच चालतात. सकाळी आठला गजर, रात्री आठला गजर. पण माझी गोळी घड्याळाला नाही, जेवणाला बांधलेली. शुगरच्या दोन गोळ्या: ग्लिमेपिराइड जेवणाआधी, मेटफॉर्मिन जेवणानंतर. मुक्कामी गाडीवर जेवण कधी साडेआठला, तर कधी अकराला. गोळी पोटात गेली आणि डबा उघडायला उशीर झाला, की शुगर उतरते, दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात. अ‍ॅपला त्याचं काय! वेळ टळली की लाल शेरा. वैतागून मी गोळी न घेताच ‘घेतली’ दाबायला लागलो. महिन्याने डॉक्टरांना तक्ता दाखवला तो सगळा हिरवागार, आणि बीपी १६० च्या वर. एवढ्या गोळ्या घेऊनही उतरत नाही म्हणून त्यांनी आणखी एक गोळी वाढवली. चूक माझीच, पण रागावणाऱ्या मास्तरांशी पोरं खोटंच बोलतात. ‘जेवण लांबलं’, ‘गोळ्या संपल्या’, ‘पाय सुजतात म्हणून बंद केली’ अशी साधी उत्तरं द्यायची सोय असती, तर खरं सांगितलं असतं.

दुसरा घोटाळा नावाचा. खासगी डॉक्टरांनी बीपीची गोळी लिहिली कंपनीच्या नावाने. पुढच्या महिन्यात सरकारी दवाखान्यातून मिळाली अ‍ॅम्लोडिपिन. रंग वेगळा, नाव वेगळं. मी आठ दिवस दोन्ही घेतल्या. घोटे सुजले, चक्कर यायला लागली. औषध एकच होतं! अ‍ॅपच्या यादीत दोन्ही नावं शेजारी शेजारी होती, पण त्याने चकार शब्द काढला नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या ३०० ब्रँडच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा आहे. त्यात औषधाचं मूळ नाव आणि मुदतही असते. तो कोड वाचून ‘हे तुम्ही आधीच घेताय’ एवढं सांगणारं अ‍ॅप मला हवंय. अर्थात मेडिकलवाला पाच गोळ्या कापून देतो तेव्हा नाव, मुदत आणि कोड दुकानातच राहतात. त्याचं काय करायचं, तेही बघा.

उपवासाचं तर कुणी विचारतच नाही. एकादशीला आमच्या घरात एक जण निर्जळी करतो, दुसरा साबुदाण्याची खिचडी तीनदा खातो. एकाची शुगर खाली, दुसऱ्याची वर. त्या दिवशी कोणती गोळी टाळायची, कोणती अर्धी घ्यायची, हे डॉक्टरांना आधी विचारून अ‍ॅपमध्ये लिहून ठेवता यायला हवं. रोजे धरणाऱ्या आमच्या ड्रायव्हर मित्रालाही तेच लागतं, तेही महिनाभर.

मराठीही धड हवी. ‘आपले डोस चुकले आहे’ हे वाचून सौभाग्यवती हसत बसल्या, त्यांची थायरॉइडची गोळी राहिली.

सरकारी आरोग्य खात्याचा चौदा आकडी आभा (ABHA) क्रमांक काढला आहे. पण पुढच्या महिन्यात आमच्या आरोग्य केंद्रात माझी गोळी शिल्लक आहे का, हे मला घरबसल्या कळत नाही. १८ किलोमीटर जाऊन ‘सोमवारी या’ ऐकण्यापेक्षा तेवढं जरी फोनवर दिसलं, तरी बाकीचं अ‍ॅप नाही बनवलं तरी चालेल.

माझी माहिती कुणाला दिसावी हे मी ठरवणार. मुलाला बीपी दिसू दे, सगळी औषधं नको. आणि ‘शुगर मुळापासून बरी’ असल्या जाहिराती त्यात एकही नकोत.

आमच्या डेपोतले निवृत्त लोक दर महिन्याच्या पहिल्या रविवारी स्टँडमागच्या कँटीनमध्ये जमतात. निम्म्यांच्या खिशात गोळ्यांची डबी असते. अ‍ॅप बनवणाऱ्यांपैकी एखाद्याला पाठवा. लॅपटॉप नको, कोरी वही आणायला सांगा. चहा आमच्याकडून, बिनसाखरेचा.

आपला,
एक निवृत्त वाहक