बाई, तुमची ८.४ची बाटली अजून फळीवर आहे

आदरणीय बाई,

साष्टांग नमस्कार.

खरं तर हे पत्र घरी येऊन तुमच्या हातात द्यायचं होतं. पण माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळणारे आणि पाणी तपासायच्या टेस्ट किटच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणारे माझ्यासारखे खूप जण आहेत. तुम्ही मला दोन दुपारींत जे शिकवलंत ते त्यांच्यापर्यंतही जावं म्हणून उघडपणे लिहितोय. नाव घालू नकोस म्हणालात, म्हणून घातलेलं नाही. वेंगुर्ल्यात जे तुमच्या हाताखाली रसायनशास्त्र शिकले, ते ओळखतीलच.

आमच्या पडवीला लागून पत्र्याची शेड आहे. तिच्यात सहा टाक्या आणि क्लाउनफिशच्या चार जोड्या. प्रवाळ आम्ही ठेवत नाही. ते सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्रात आहे तिथेच शोभतं, आणि कायद्यानेही त्याला हात लावता येत नाही. तरी अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद, आम्हाला रोज लागते. माशांनी पाण्यात सोडलेला अमोनिया पचवणारे फिल्टरमधले जीवाणू ती सतत खात असतात. ती संपत आली की पीएच घसरतो आणि मासे सुस्तावतात.

मार्चपासून आमचे आकडे बिघडले. मी मोजलं की ६.६ डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक). पुतण्याने त्याच टाकीचं पाणी मोजलं की पाचच्या आसपास. आम्हाला हवे होते ८.५. दोघांपैकी कमी आकडा खरा धरणं सुरक्षित, असं मला वाटलं आणि मी अल्कलिनिटी वाढवायला सोडा घालत राहिलो. घातला की दोन दिवस बरं दिसायचं, मग पुन्हा कमी. मेच्या मध्यावर एका संध्याकाळी धीर सुटला आणि धुण्याच्या सोड्याचं द्रावण एकदम ओतलं. पाण्यात ताकासारखा ढग उठला. सकाळी तो खाली बसला होता, पण पंपाच्या पंख्यावर पांढरा थर चढला होता. दोन रात्रींनी तो पंप अडकून बंद पडला. आमच्याकडे पहिल्यांदा अंडी घातलेली जोडी त्या टाकीत होती. चार वर्षांची. उजाडेपर्यंत दोन्ही मासे गेले होते. माझी बायको त्या दिवशी शेडमध्ये आली नाही.

त्याच दुपारी मी तुमच्या ओसरीवर येऊन बसलो. आता पाण्यात काय घालू, हा माझा पहिला प्रश्न होता. तुम्ही पाण्याबद्दल काही विचारलंच नाहीत. म्हणालात, "पाण्याक कित्याक दोष देतस? आधी मोजतस कसा ता बघूया. उद्या सगळा सामान घेवन ये."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला आधी बाजारात सोनाराकडे नेलंत. त्याच्या काट्यावर खाण्याचा सोडा तोलून घेतलात, बरोबर २.५२ ग्रॅम. बेकिंग पावडर नको, तिच्यात आम्ल आणि पीठ मिसळलेलं असतं, हे वाटेत सांगितलंत. बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड पाणी घेतलं. घरी तो सोडा एक लिटर पाण्यात विरघळवलात, त्यातलं १०० मिली काढून पुन्हा एक लिटरला नेलंत. मग माझ्याकडून हिशेब करून घेतलात, वर्गात घ्यायचात तसाच. लिटरमध्ये २५२ मिलिग्रॅम सोडा, ८४ने भागले की ३ मिलिइक्विव्हॅलंट (अल्कलिनिटीचंच रसायनशास्त्रातलं एकक), आणि एकाचे २.८ डीकेएच. म्हणजे ८.४. "आता ह्या पाण्याचा उत्तर आपल्याक म्हायती असा," म्हणालात. "आता तुझा किट काय सांगता ता बघ."

किटने सांगितलं, ६.६.

बाई, तो आकडा वाचताना पोटात जे झालं ते अजून आठवतं. म्हणजे सुरुवातीला टाकी ठीकच होती, आणि मी दोन महिने निरोगी माणसाला औषध पाजत होतो.

पण तुम्ही तिथे थांबला नाहीत. मला पुन्हा नमुना घ्यायला लावलंत आणि पाच मिलीची सिरिंज उजेडाकडे धरलीत. टोकापाशी हवेचा बुडबुडा होता, जवळजवळ अर्ध्या मिलीचा. किटमध्ये मोजून घेतलेल्या पाण्यात रंग बदलेपर्यंत आम्ल घालतात आणि किती लागलं त्यावरून आकडा काढतात. पाणी कमी घेतलं की आम्लही कमी लागतं आणि आकडा तेवढाच खाली येतो. सिरिंज एकदा भरून रिकामी करायची, मग टोक पाण्यात पूर्ण बुडवून सावकाश ओढायची. तसं केल्यावर आकडा ७.३ झाला.

मग तुम्ही आम्लाची बाटली हातात घेतलीत. ती मी शेडच्या खिडकीत ठेवायचो, पत्र्याखाली, आणि झाकण नीट आवळलेलं नसायचं. उन्हाळ्याच्या उकाड्यात तिच्यातलं पाणी उडून गेलं आणि आम्ल घट्ट झालं. घट्ट आम्ल थोडंसंच पुरतं, आणि थोडं लागलं की किट म्हणतो अल्कलिनिटी कमी. नवी बाटली मागवायला पाच दिवस गेले. तिने त्याच द्रावणाचा आकडा दिला ८.३. तुम्ही मान हलवलीत, एवढंच.

पुतण्याची चूक त्याच्या हातात होती. आम्लाची एक मिलीची सिरिंज तो रबराच्या खालच्या कडेवर भरायचा आणि उरलेलं मोजताना वरची कड वाचायचा. तेवढ्याने आमच्या सिरिंजवर दीड डीकेएच जायचा. तुम्ही त्याला रागावला नाहीत. खडूने ओसरीच्या फरशीवर सिरिंज काढून दाखवलीत, आणि रंग बदलताना बाटलीमागे पांढरा कागद धरायला, टाकीच्या निळ्या दिव्याखाली कधीच न मोजायला सांगितलंत. तो आता ते सगळं मला शिकवतो.

या तिन्ही चुका एकाच दिशेच्या होत्या. म्हणूनच मी फसलो. एक आकडा वर आणि एक खाली गेला असता तर शंका आली असती.

नव्या बाटलीने आमच्या टाकीचा खरा आकडा निघाला, १२.८. मी लगेच आम्ल घालून तो उतरवायला निघालो होतो. तुम्ही हात धरून थांबवलंत. थोडंथोडं पाणी बदल, सोडा बंद, बाकी जीवाणूंना करू दे. साडेतीन आठवड्यांनी तो नऊवर आला. बिघडलेला पंप तुम्ही व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलात, थरावर बुडबुडे आले, आणि ती चुनखडी होती हे मला डोळ्यांनी दिसलं. माझ्या सोड्याने समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम बाहेर काढलं होतं.

आणखी एक गाठ तुम्ही सोडवलीत. आपल्या बोलण्यात खारटपणाही क्षारता आणि हीसुद्धा क्षारता, त्यामुळे मी दोन्ही एकच समजून चाललो होतो. खारटपणा म्हणजे पाण्यात मीठ किती, आणि अल्कलिनिटी म्हणजे पाणी किती आम्ल झेलू शकतं, असं तुम्ही सांगितल्यावर ते कायमचं बसलं. जुलैत त्याचा उपयोग झाला. होडीवाल्याने आणलेल्या पाण्याचा आकडा साडेपाच आला आणि माझा हात पुन्हा सोड्याच्या डब्याकडे गेला. मग थांबलो. आधी तुमची बाटली मोजली, ती ८.४ दाखवत होती. मग खारटपणा पाहिला, हजार भागांत ३५च्या जागी २८. खाडीच्या तोंडाजवळून भरलेलं पाणी होतं, पावसाने पातळ झालेलं. समुद्राच्या पाण्याची अल्कलिनिटी साधारण सात असते, ती त्याच प्रमाणात उतरली होती. या वेळी किट खरं बोलत होता. आता पावसाळ्यात आम्ही मीठ विकत घेऊन पाणी बनवतो.

तुम्ही माझ्याकडून काही घेतलं नाहीत. फणस आणला तोही अर्धा परत पाठवलात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने उन्हातून सोनाराकडे पायी यावं, आणि ते शाळा सोडून पंचवीस वर्षं झालेल्या विद्यार्थ्याच्या माशांसाठी, याचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. मी मनापासून ऋणी आहे, एवढंच लिहू शकतो.

तुमच्या अक्षरातली ८.४ची चिठ्ठी लावलेली बाटली शेडमध्ये नाही, घरात फळीवर आहे, झाकण घट्ट. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पुतण्या आधी ती मोजतो, मग टाक्या. द्रावण संपलं की सोनाराकडे जातो. तो आता काही न विचारता काटा पुढे करतो.

काल रात्री दुसऱ्या जोडीने कौलाच्या तुकड्यावर अंडी घातली आहेत. नर दिवसभर पंखांनी त्यांना वारा घालतोय. आठवडाभरात, दिवे मालवल्यानंतर, पिल्लं बाहेर येतील. बायको म्हणते बाईंना आणायला मीच जाते. त्या रात्री तुम्ही शेडमध्ये असावं, अशी आमच्या घरातल्या सगळ्यांची इच्छा आहे.

तुमचा विद्यार्थी,
वेंगुर्ले