अकरा महिन्यांचा करार कोणाच्या सोयीचा?

महोदय,

पुण्यात वनाज ते गरवारे महाविद्यालय ही मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली आणि मार्च २०२४ मध्ये तिची धाव रामवाडीपर्यंत पोहोचली. तेव्हापासून कोथरूड, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप या भागांत भाड्याचे घर पाहणारा प्रत्येक जण आधी स्थानकाचे अंतर विचारतो. या इमारतीत भाडेकरू टिकतात का, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. स्थानक पाच मिनिटांवर असले तरी दर वर्षी बिऱ्हाड हलवावे लागले, तर टेम्पो, दलाली, पोलीस पडताळणी आणि गॅसजोडणीचा पत्ता यांतच सारी बचत जिरते.

भाडेकरू टिकतात की नाही, हे जाहिरातीत लिहिलेले नसते. ते जिन्याखालच्या टपालपेट्यांवर दिसते: काही इमारतींत भाडेकरूंची नावेही नीट रंगवलेली असतात, तर काहींत एकावर एक चिकटवलेल्या कागदांचे थर असतात. फाटकाजवळच्या इस्त्रीवाल्याला तर कोणत्या मजल्यावरचे कुटुंब किती वर्षांपासून आहे, हे दलालापेक्षा अधिक ठाऊक असते.

भाडेकरू वारंवार बदलण्यामागे अकरा महिन्यांच्या कराराची सवय आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्याने ही पळवाट निघाली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार मात्र लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवान्यावर घर देण्याचा, प्रत्येक करार, मुदत कितीही असो, नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. म्हणजे पळवाटेचे कारण संपून पाव शतक लोटले, तरी छापील मसुद्यातला अकराचा आकडा काही हललेला नाही. साठ महिन्यांपर्यंतच्या अशा करारावर मुद्रांक शुल्क पाव टक्का इतकेच आहे आणि दीर्घ मुदतीत नोंदणी फीही एकदाच भरावी लागते.

घर अडकून पडेल, ही घरमालकांची भीती एके काळी खरी होती. तेव्हाच्या मुंबई भाडे कायद्यातील १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताबा असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूंचे संरक्षण मिळाले आणि त्याचा धसका पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. आज १९९९ च्या अधिनियमाच्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याला दुप्पट शुल्काने नुकसानभरपाई द्यावी लागते आणि ताब्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. त्यामुळे वार्षिक वाढ आधीच लिहून घेतलेला तीन किंवा पाच वर्षांचा करार दोघांनाही परवडतो. नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा दलाली मागणाऱ्याला तो परवडत नाही, हे उघड आहे.

मेट्रोलगत आणखी एक पेच आहे. भाडेकरू वर्षानुवर्षे राहतात त्या बहुधा जुन्या, तीन-चार मजली सोसायट्या, आणि स्थानकाभोवती वाढीव एफएसआय (भूखंडाच्या मानाने जास्त बांधकामाची मुभा) मिळत असल्याने पुनर्विकासाचे वारे आधी तिथेच शिरते. घर घेण्यापूर्वी सोसायटीच्या सचिवांना याबाबत स्पष्ट विचारावे, आणि तसा ठराव झालेला असल्यास तो भाडेकरूला कळवण्याचे बंधन करारातच असावे. दुय्यम निबंधक कार्यालये आणि ऑनलाइन नोंदणी करून देणारे यांनीही ‘किती महिने?’ हा रकाना अकराने आपोआप न भरता दोन्ही पक्षांना विचारून भरावा, ही विनंती.

— एक भाडेकरू, कोथरूड, पुणे