जनुकांच्या बातमीत तपासणी हरवू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या जनुकांतले वारशाने आलेले फरक आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांच्यावरची बातमी आपल्या अंकात वाचली. विषय महत्त्वाचा आहे. कराडच्या कृष्णा वैद्यकीय संस्थेतही आपल्याकडच्या ग्रामीण स्त्रियांच्या एक्सआरसीसी१, २ आणि ३ या जनुकांवर असे काम झाले आहे. पण अशा बातमीतून गावात एवढेच पोहोचते की, हा रोग रक्तातून येतो. त्याचे पुढे काय होते, ते मी आरोग्य सेविका म्हणून पाहिले आहे.

एका मुलीची आई याच, गावच्या भाषेत पिशवीच्या, कॅन्सरने गेलेली. लग्न ठरत आले होते. बैठकीत मुलाच्या आत्याने विचारले, “आईला होतं, म्हंजे पोरीलाबी होनार की?” सुपारी फुटलीच नाही. त्याहून मला लागले ते मुलीच्या मावशीचे बोलणे. तिच्या अंगावरून जात होते, मधूनच रक्तही दिसायचे. तपासणीला चल म्हटले, तर म्हणाली, “आमच्या घरातच हाय ते, तपासून काय करू?”

म्हणून हे नीट सांगायला हवे. जवळजवळ प्रत्येक गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही विषाणूचा दीर्घकाळ राहिलेला संसर्ग असतो. बहुतेकींचे शरीर हा विषाणू वर्ष-दोन वर्षांत स्वतःच घालवते. ज्यांच्यात तो ठाण मांडतो, त्यांच्या पेशींत त्याची ई६ आणि ई७ ही प्रथिने पेशीवरचे पहारेकरी निकामी करतात, आणि बिघडलेला डीएनए घेऊनच पेशी वाढत राहते. दुरुस्तीच्या जनुकांचा संबंध येतो तो इथे. एक्सआरसीसी१चे प्रथिन डीएनएच्या तुटलेल्या धाग्याशी रफू करणारे कारागीर गोळा करते. काहींच्या या प्रथिनात ३९९व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी ग्लुटामिन हे दुसरे असते, त्यामुळे हे काम थोडे कमी पडत असावे, असा कयास आहे. पण हा फरक निरोगी माणसांतही सर्रास सापडतो, आणि त्याने धोका वाढतो की नाही यावर निरनिराळ्या देशांतले निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. तंबाखूतली डीएनए बिघडवणारी द्रव्ये धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या स्रावात आढळली आहेत. मिश्री सोडा, असे मी बायकांना सांगत आले ते यासाठीही.

वारसा अजिबात नाही, असे मी म्हणत नाही. स्वीडनमधल्या नोंदींवरून १९९९ साली दिसले की रुग्ण स्त्रीच्या सख्ख्या आईला आणि बहिणीला धोका इतरांच्या जवळपास दुप्पट होता, दत्तक आईच्या बाबतीत तसा ठळक फरक नव्हता. पण दुप्पट म्हणजे ‘होणारच’ नव्हे. त्या मुलीचे लग्न मोडायला यात काहीही आधार नव्हता. मावशीने तपासून घ्यायला मात्र पुरेसा होता.

आणि तपासणीने काय साधते, हे तर आमच्याच जिल्ह्याने जगाला दाखवले. तेव्हाच्या उस्मानाबादेत ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निकाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने प्रशिक्षण दिलेल्या सेविकांनी पातळ ॲसिटिक ॲसिड लावून तपासण्या केल्या, तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. गर्भाशयमुखाला कापसाचा बोळा लावायचा, मिनिटभर थांबायचे, संशयाचा पांढरा डाग उठतो का ते बघायचे. यात कोणाचे जनुक कसले, हे विचारावे लागत नाही.

शहरांत आता जनुकचाचण्या विकल्या जातात. एक्सआरसीसी१चा फरक निघाला म्हणून तपासणी वेगळी होत नाही, आणि नाही निघाला म्हणून ती टळतही नाही. त्या पैशांत मुलीला एचपीव्हीची लस द्यावी. पुण्याच्या सीरमची देशी लस २०२३ पासून मिळते.

माझी विनंती अशी की, पुढच्या वेळी अशा बातमीखाली दोन ओळी छापाव्यात: सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची दर ५ वर्षांनी तपासणी व्हायची आहे, आणि संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसले तर लगेच दाखवायचे. जिल्ह्यातल्या किती आरोग्य केंद्रांत ही तपासणी खरोखर होते, याची माहितीही आपल्या वार्ताहराने काढावी.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका,
ता. कळंब, जि. धाराशिव